शांते, तुझी गाडी मी चालवून पाहिली

शांते, तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. जलदानाच्या विधीला माणसं भरपूर आली. सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. एकाने तर उभं राहून सांगितलं की शांताबाई आयुष्यात कोणाशी भांडल्या नाहीत. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं रडते आहे. मी हसू दाबत होते.

शेजारची सुमन जवळ येऊन म्हणाली, "काकू, जरा रडून घ्या. मोकळं वाटते." मी म्हटलं, "घर मोकळंच झालं आहे वं. आणखी किती मोकळं करू?" तेव्हापासून ती मला पाषाणहृदयी म्हणते आहे. म्हणू दे. तिचा ब्लाउज तुझ्या मशीनवर अर्धा शिवून पडला आहे, खरं दुःख तिला त्याचं आहे.

तुझी तीनचाकी गाडी समोरच्या छपरीत तशीच उभी आहे. जाता-येता तिचं चाक माझ्या पोटरीला लागतं. बेसाहून आपला प्रकाश आला होता. म्हणाला, "आई, गाडी देऊन टाकू कोणाले तरी. अन् तू चाल माझ्याकडे, लिफ्ट आहे." आत्याला जाऊन आठवडा होत नाही तर पोरगा घर आवरायला निघाला. मी सांगितलं, रविवारपर्यंत गाडीला हात लावायचा नाही.

रविवारचं कारण तुला माहीत आहे. रविवारी हजेरी आहे, तुझा तो जलसा. ढोलकीवाल्या मधुकरचा फोन आला. त्याचं बोलणं तुला ठाऊकच आहे, ढोलकीवर थाप दिल्यासारखं. "काकू, शांताबाई नाही म्हणून हजेरी थांबवाची नाही, असं ठरलं. तुम्ही येता नं?" मी म्हटलं, पाहते. त्याला डोळ्यांनी दिसत नाही, तरी माझं तोंड दिसलं असावं. म्हणाला, "तुमचे गुडघे दुखून राहिले, मले माहीत आहे. पण गाडी आहे नं घरी."

जलसा होतो त्या सभागृहाच्या फाटकापासून हिरवळीपर्यंतची वाट लांब आहे. ऑटो आत सोडत नाहीत. मी आता नळापर्यंत जाते आणि परत येते, तेवढीच माझी धाव. म्हणजे यायचं तर तुझ्या गाडीत बसून यायचं. आणि त्या गाडीबद्दल मी तुला काय बोलले होते, ते तू विसरली नसशील. मेलेलं माणूस विसरतं की नाही, मला माहीत नाही. तू तरी विसरणाऱ्यातली नव्हतीस.

तुझा ताप यायच्या आधी पंधरा दिवसांची गोष्ट. मी बाजारातून आले आणि उंबऱ्यातच बसले. पिशवीतले वांगे रस्त्यावर गेले. तू मशीनवरून मान वर केली नाहीस. म्हणालीस, "उद्या माही गाडी घेऊन जा वहिनी. मले कुठे जाचं आहे?"

मी म्हटलं, "माझे पाय शाबूत आहेत. मी काय लंगडी आहे काय तुझ्यासारखी?"

तू सुईत दोरा ओवत होतीस. एका फटक्यात ओवलास. मग बोललीस. "लंगडी मी आहे वं. तू हट्टी आहे. लंगडीले सरकार गाडी देते. हट्टीले काही नाही भेटत."

मी वांगे उचलायला गेले. संध्याकाळी भरीत केलं, तू दोनदा घेतलंस. विषय संपला, असं मी धरलं. मग ताप आला, चार दिवसांत तू गेलीस, आणि माझं ते वाक्य मागे राहिलं.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस. नणंद म्हटल्यावर मी तयारी करून आले होते. पाहते तर तू खिडकीत बसलेली. समोरच्या गल्लीत शाळा होती, तिथली हजेरी तू ऐकायचीस. मास्तर नाव घेत, पोरं "हजर" म्हणत. तुला पाठ होती सगळी नावं, कोण आजारी आहे तेही घरी बसून सांगायचीस. तुझं नाव मात्र त्या वहीत नव्हतं. शाळेला सात पायऱ्या होत्या. तुझ्या बाबांनी एकदा उचलून नेलं होतं, तर मास्तर म्हणाले, रोज कोण आणील?

मी चौथी शिकलेली. स्वैपाकघराच्या भिंतीवर कोळशाने तुला अक्षरं काढून दाखवली. सासूबाईंनी भिंतीपायी मला चार दिवस ऐकवलं. चौथीपर्यंतचं जे होतं ते सगळं तुला देऊन टाकलं. पाचवीचं माझ्याकडे नव्हतं. पुढचं तू पेपर वाचून आणि बायांच्या ब्लाउजची मापं लिहून शिकलीस, आणि मलाच सांगायला लागलीस, वहिनी, तुझी वेलांटी चुकली. उपकाराची फेड म्हणतात ती हीच.

एक भांडण मात्र आपलं पन्नास वर्षं चाललं. मी कळमन्याच्या बाजारात संत्री निवडायला जायची. दिवसभर पेट्या उचलायची सवय, तशीच तुलाही उचलायची. पायरी आली की पाठीवर घेतली, खड्डा आला की गाडी मागून ढकलली. दरवेळी तू म्हणायचीस, "वहिनी, आधी विचार." दरवेळी मी म्हणायची, "विचारून काय होते? पायरी का खाली येणार आहे?" यावर तुझ्याकडे उत्तर नव्हतं. पण तू म्हणायचं सोडलं नाहीस.

मागच्या वर्षी तू त्या मोठ्या सभागृहात कुठल्याशा दाखल्यासाठी गेली होतीस. एकटी गेलीस, मी बाजारात होते. घरी आलीस. चहा दिला तेव्हा बोललीस.

"मले मागच्या दाराने आत घेतलं. कचऱ्याच्या डब्ब्यांजवळून. उतार तिकडेच आहे म्हणे."

"मग? आत गेली नं?"

"गेली. पण पुढच्या दाराजवळ किती मस्त हिरवळ आहे वं, वहिनी. मोठमोठी झाडं. लोक फोटो काढून राहिले होते. आपल्या शहराची जागा आहे अन् मी कधी पाहिलीच नाही."

दोन दिवस तू मशीन चालवलं नाहीस. तिसऱ्या दिवशी मधुकरला बोलावलंस, आणि तुझी ती बहिरी मैत्रीण वनिता, तिला. सांगितलंस की त्या हिरवळीवर जलसा करायचा. शहरातले आपल्यासारखे सगळे बोलवायचे. जेवायचं, गायचं, नाचायचं.

मी म्हटलं, "त्याने काय होईल? काही मागायचं असेल तर मोर्चा काढा."

"मोर्चे काढले वं. उन्हात बसून काढले. आता मले मज्जा करायची आहे."

"मज्जा घरी कर."

"घरीच करून राहिली पन्नास वर्षं."

परवानगीच्या अर्जाला मी तुझ्याबरोबर आले होते. टेबलामागच्या बाबूने अर्ज वाचला. कार्यक्रमाचा उद्देश, या रकान्यात तू एकच शब्द लिहिला होतास. आनंद.

बाबू म्हणाला, "असं नाही चालत जी. जनजागृती लिहा."

"सगळे जागेच आहेत जी," तू म्हणालीस. "आम्ही नाचणार आहो."

"मग पुनर्वसन लिहा."

"आमचं घर आहे नं. ह्या आमच्या वहिनी. ह्यांच्या घरी वसली आहे मी, आणखी कुठे वसवता?"

बाबूने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "साहेब, शिक्का मारून टाका. मी रोज सहन करते, तुम्ही पाच मिनिटं करून राहिले." त्याने डोकं खाजवलं आणि आनंदाच्या पुढे स्वतःच्या हाताने "सांस्कृतिक" असं लिहून शिक्का मारला. सांस्कृतिक आनंद. बाहेर येईपर्यंत तू गाडीत वाकून हसत होतीस.

मग तू नियम काढलेस. सत्कार नाही. शाल नाही, नारळ नाही. फळं वाटायला कोणी आलं तर त्याच्याकडूनच कापून घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून खायची. कोणाच्या गाडीला, काठीला, अंगाला हात लावण्याआधी विचारायचं. हा शेवटचा नियम सांगताना तू माझ्याकडे पाहिलंस. मी सांभाराची जुडी निवडत होते, मान वर केली नाही.

मंडपाचं काम मी घेतलं. मुरली मंडपवाल्याची आई माझ्याबरोबर कळमन्याला होती. मी त्याला बजावलं, "स्टेज चांगला उंच बांध बाबू. मागच्याले पण शांता दिसली पाहिजे."

त्याने बांधला. सकाळी आपण फाटकातून आत गेलो तर हिरवळीवर चार फूट उंच स्टेज, लाल गालिचा, झालर, आणि चढायला पाच पायऱ्या.

तू गाडी थांबवलीस. मुरली हात बांधून शाबासकीची वाट पाहत उभा होता. मी पायऱ्या मोजल्या. पन्नास वर्षं तुला पाठीवर घेऊन पायऱ्या चढलेली बाई मी, जगात पायऱ्या असतात हे माझ्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक? आणि तुझ्याच जलशाला मी पायऱ्यांचा स्टेज सांगून आले होते. शरम वाटली, शांते. मला सहसा वाटत नाही.

तू स्टेजकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस. "वहिनी, हे काय मचाण बांधलं वं? वाघ पाहाचा आहे काय?" आणि इतकी हसलीस की गाडी हलायला लागली.

मुरली म्हणाला, "मावशी, तोडतो आत्ताच."

"काहून तोडतो? राहू दे. पाहुण्याले बसव वर."

आणि तसंच केलंस. शहरातले कोणी मोठे अधिकारी पाहुणे म्हणून आले, त्यांना वर बसवलं. एक खुर्ची, एक फुलदाणी, आणि ते. आणि खाली हिरवळीवर सगळी जत्रा. गाड्या, कुबड्या, पांढऱ्या काठ्या, चाकाच्या पाटावर बसून आलेले दोघे भाऊ, लेकरं, त्यांच्या आया. पोह्यावर तिखटजाळ तर्री ओतली जात होती. पाहुणे वरून पाहत होते. त्यांच्यापर्यंत बशी कोणी नेली नाही, कारण ज्याच्या हाती बशी त्याला पायऱ्या चढता येत नव्हत्या.

मग मधुकरने माईक घेतला. "पाहुण्यांले खाली उतराची सोय आमच्याकडे नाही, याबद्दल आयोजक दिलगीर आहेत. पुढच्या वर्षी निधी आला की विचार करू."

पाहुण्यांचे कान लाल झाले. मग ते स्वतःच हसायला लागले, बूट काढले, पायऱ्या उतरून आले आणि तुझ्या गाडीजवळ गवतावर बसले. तू त्यांना विचारलंस, "तर्री झेपते नं साहेब?" त्यांनी हो म्हटलं. झेपली नाही. डोळ्यांतून पाणी काढत त्यांनी सगळी बशी संपवली. माणूस वाईट नव्हता.

रिकामा स्टेज वनिताने कामी आणला. कोणीतरी भोंगा त्याच्या फळ्यांवर ठेवला होता. तिने सहज हात टेकला आणि डोळे मोठे केले. फळ्या थरथरत होत्या. तिने सगळ्या बहिऱ्या लेकरांना बोलावलं. ती लेकरं त्या लाल गालिच्यावर पालथी पडली, गाल फळीला लावून, आणि गाणं पोटात गेलं तशी खिदळायला लागली. मग उठून नाचली. ताल एकाचा चुकला नाही. मधुकरने मला विचारलं, "काकू, काय चाललं वर?" मी म्हटलं, "तुझी ढोलकी पोटाने ऐकून राहिले." तो दुप्पट वाजवायला लागला.

माझ्या चुकीचा असा सण झाला. तू नंतर त्याबद्दल एक टोमणा मारला नाहीस. तुझ्यासारख्या नणंदेने टोमणा न मारणं, हे मला फार जड गेलं.

शेवटी हजेरी झाली. जलशाला तू नाव तेच दिलं होतंस. माईक हातोहात फिरायचा, ज्याने त्याने आपलं नाव सांगायचं आणि बाकी सगळ्यांनी ओरडायचं, "हजर!" ज्यांना बोलता येत नव्हतं त्यांनी हाताने नाव सांगितलं, वनिताने ते कागदावर लिहून माईकवर दुसऱ्याकडून वाचून घेतलं. तुझी पाळी आली. तू पदर सारखा केलास, ताठ बसलीस आणि म्हणालीस, "शांता." मैदान ओरडलं, हजर. झाडावरचे कावळे उडाले. तुझं तोंड तेव्हा चौदा वर्षांच्या पोरीसारखं झालं होतं. मी हे तुला सांगितलं नाही. आता सांगते.

मग तू माईक माझ्यापुढे धरलास. "वहिनी, नाव सांग."

"माझं कशाला?" मी म्हटलं. "मी काय तुमच्यातली आहे?"

माईक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं. तू माईक पुढे दिलास. म्हणजे मी तुझ्यासारखी नाही, हे मी तुला एकदा नाही, दोनदा बोलले.

आता आज सकाळचं सांगते. सुमन नळावर होती, गल्ली रिकामी होती. मी तुझी गाडी छपरीतून काढली आणि बसले. शांते, ही गाडी इतकी जड असते हे तू कधी बोलली नाहीस. हाताने पेडल मारायचं, त्याच हाताने वळवायचं, आणि दुसऱ्या हाताने पदर सांभाळायचा. दोन घरं पुढे जाईपर्यंत माझे खांदे भरून आले. मी पेट्या उचललेली बाई. तू ह्याच हातांनी धरमपेठेपर्यंत ब्लाउज पोचवायला जायचीस, आणि येऊन वर मला विचारायचीस, थकली का वहिनी?

तेवढ्यात मागून गाडी पळायला लागली. सुमनने मला पाहिलं होतं आणि मदत म्हणून मागून ढकललं होतं. पुढे नालीकडे उतार. मी ब्रेक शोधते आहे. उजवीकडे नाही, डावीकडे नाही, मुठीखाली फक्त मोडकं टोक. रस्ता माझा, शरीर माझं, आणि जायचं कुठे ते मागची बाई ठरवणार. गाडी सुमनच्याच स्कुटीवर जाऊन धडकली. मी पडले नाही. स्कुटी पडली.

मी वळून ओरडले, "आधी विचारायचं नं वं!"

ओरडले, आणि मग माझं मलाच ऐकू आलं. आवाज माझा होता, शब्द तुझे होते.

सुमन घाबरून म्हणाली, "काकू, मी तर मदत करून राहिली होती."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मी पन्नास वर्षं तेच करत होते."

पायरी खाली येत नाही, शांते. पण विचारलं तर बसलेल्या माणसाला निदान कळतं की आता आपण हलणार आहोत. एवढंच उत्तर होतं त्या भांडणाचं. मला कळायला तुला मरावं लागलं, आणि सुमनची स्कुटी पडावी लागली. चुकलं माझं. तोंडाने मी हे म्हटलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

घरी येऊन मी गाडीला लटकवलेली तुझी कापडी पिशवी उघडली. आत चपलेचा एक तुकडा निघाला, रबराचा, एका बाजूने घासून गुळगुळीत झालेला. हाच तुकडा मी दोनदा कचऱ्यात टाकला होता आणि तू दोनदा घर डोक्यावर घेतलं होतंस. मी म्हणायची, एवढ्याशा चिंधीपायी काय ओरडते. आज चाकाला लावून पाहिला. चाक थांबलं. ब्रेक मोडून किती वर्षं झाली, देव जाणे. दुरुस्त करून घे म्हणून मी मागे लागले असते, म्हणून तू सांगितलं नाहीस. तीच मी, न विचारता गाडी उचलून दुकानात नेली असती.

तुकडा पिशवीत जागच्या जागी ठेवला आहे.

मधुकरला फोन केला. तो म्हणाला, परवानगी झाली आहे. उद्देशात त्याने आनंद लिहिलं आणि त्याच बाबूने काही न बोलता शिक्का मारला. मुरली यंदा स्टेज बांधत नाही. त्याच फळ्यांचा उतार करून तो सभागृहाच्या पुढच्या दाराला लावतो आहे. मागच्या वर्षी तू हिरवळीपर्यंतच पोचलीस, त्या दारातून आत आपल्यातलं कोणी गेलं नव्हतं. तुझा फोटो लावून हार घालायचा आणि दोन मिनिटं उभं राहायचं, असं कोणीतरी सुचवलं होतं. मी म्हटलं, उभं राहायला सांगता कोणाला? फोटो राहू दे, तर्री जास्त करा.

तर रविवारी मी तुझ्या गाडीत बसून पुढच्या दाराने आत जाते आहे. उतार चढताना कोणी विचारलं, ढकलू का, तर हो म्हणेन. हट्टी असले तरी मूर्ख नाही. आणि माईक आला की नाव सांगेन. गयाबाई. मागच्या वर्षीचं राहिलं आहे.